बाजारच्या दिवसाचं जेवण

शेजारच्या आजोबांनी एका रविवारी दुपारी मला एक जुना कागद दाखवला. पिवळा पडलेला, चार घड्या घालून पाकिटात जपून ठेवलेला, वर कुठल्यातरी कमिशन फर्मचं नाव आणि त्याखाली 'युनियन स्टॉकयार्ड्स, ओमाहा' असं छापलेलं. मला समजावून सांगावं लागेल असं त्यांना वाटलं म्हणून ते चष्मा शोधायला उठले, तोवर माझं वाचून झालं होतं. नग बावीस. एकूण वजन. शंभर पौंडाला भाव काय. एकूण रक्कम. मग वजा, यार्डाचं भाडं, वैरण, अडत. आणि सगळ्यात खाली हातात पडलेला पैसा. अहो ही तर पट्टी! आमच्या सांगोल्याकडं डाळिंब अडत्याकडं टाकलं की जी मिळते अगदी तीच, भाषा तेवढी वेगळी. मी त्यांना म्हटलं, हे मला येतं वाचता, माझ्या आजोबांकडं असल्या कागदांनी भरलेला पत्र्याचा डबा होता. तर ते माझ्याकडं बघतच राहिले आणि मग म्हणाले, "त्या दिवशी आम्ही कुठं जेवलो ते सांगतो तुला."

तोपर्यंत अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या या ओमाहा गावात राहून मला दोन वर्षं होऊन गेली होती आणि गावाची जी ओळख, म्हणजे स्टेकहाऊस, बीफचे जाड भाजलेले तुकडे वाढणारी हॉटेलं, तिच्या वाटेला मी एकदाही गेले नव्हते. आम्ही घरी बीफ खात नाही, माहेरी नव्हतं, सासरी नाही, इथं आल्यावरही सुरू केलं नाही. नवऱ्याच्या ऑफिसची पार्टी अशा ठिकाणी असली की मी काहीतरी कारण काढायचे. लाल दिवे, लाकडी भिंती, मोठमोठ्या शिंगांचे फोटो, हे आपलं जग नाही असं मी धरूनच चालले होते. त्या पट्टीनं ते बदललं. कारण पट्टी म्हणजे बाजार, आणि गुरांचा बाजार मला लहानपणापासून माहितीये.

सांगोल्याचा बाजार रविवारचा. आबा, म्हणजे माझे आजोबा, पहाटे तीनलाच निघायचे, खिलार जोडी पुढं आणि आबा मागं. मी दोन-तीनदाच गेले असेन त्यांच्याबरोबर पण डोळ्यांपुढून जात नाही ते, धूळ, शिंगांना लावलेला रंग, गुलाल, आणि दोन माणसं एका टॉवेलखाली हात घालून बोटं दाबत सौदा करतायत, तोंडानं एक शब्द नाही, बाजूला उभे असलेले हेडी, म्हणजे गुरांचे दलाल, नुसते चेहरे वाचतायत. सौदा झाला की आबा खानावळीत जायचे. ती खानावळ आठवड्यातून त्याच एका दिवशी खरी चालायची. मटणाचा लालभडक रस्सा, बाजरीची भाकरी, बसायला लाकडी बाकडं, आणि आजूबाजूला सगळी तीच माणसं जी सकाळी एकमेकांशी पन्नास रुपयांवरनं भांडत होती. आबा घरी कधी हॉटेलचं नाव काढायचे नाहीत, पण बाजारच्या दिवशी खिशात पैसे असले की ते जेवण व्हायचंच. आजी म्हणायची, बाजारातनं आले की 'जेवण झालं का' एवढंच विचारायचं, काय ते कळतं.

म्हणून आजोबा सांगायला लागले तेव्हा मला काहीच परकं वाटलं नाही.

कागदावरचं साल १९५५. आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे, ओमाहाच्या वायव्येला त्यांची शेती, मका आणि गुरं. बावीस स्टिअर ट्रकमधे चढवले, स्टिअर म्हणजे खच्ची केलेले गोऱ्हे, मांसासाठीच वाढवलेले, आणि वडिलांबरोबर रात्री निघाले. यार्ड जवळ आलं की आधी वास यायचा आणि मग आवाज. एकाच वेळी इतकी गुरं हंबरत असली की तो आवाज जमिनीतनं येतो असं वाटायचं, हे त्यांनी मला हातानं टेबलावर थाप मारून दाखवलं. लाकडी कोंडवाड्यांच्या रांगाच्या रांगा, त्यांच्यावरनं जाणारे उंच लाकडी पूल, खाली घोड्यावर बसून फिरणारे खरेदीदार. प्रत्येक शेतकऱ्याचा एक कमिशनवाला ठरलेला, तो तुमचा माल दाखवणार, भाव बोलणार, तुमच्या बाजूनं ताणून धरणार. आमच्या भाषेत अडत्या. इथं बोटं नव्हती आणि टॉवेल नव्हता, पण कागदही नव्हता, खरेदीदारानं आकडा बोलायचा, कमिशनवाल्यानं मान हलवायची, झालं. मग गुरं काट्यावर. काट्यावरचं वजन अंतिम. त्यानंतर तासा-दोन तासांत पट्टी आणि चेक.

त्याच वर्षी, १९५५ ला, ओमाहानं शिकागोला मागं टाकलं आणि गुरांचा जगातला सगळ्यात मोठा बाजार झाला. अकरा वर्षांच्या पोराला हे काय माहिती असणार, त्याला फक्त एवढंच कळलं की शेवट कुठं आहे ते दिसत नाही.

हे एवढं सगळं इथं कसं काय जमलं याचं उत्तर नकाशात आहे. पश्चिमेला वायोमिंग आणि नेब्रास्काच्या सँडहिल्सची गवताळ राने, पूर्वेला आयोवाचा मका, मधे मिझुरी नदी आणि युनियन पॅसिफिकची रेल्वे. गवतावर जनावर वाढतं, मक्यावर ते भरतं, आणि रेल्वेनं ते विकायला जातं. शिवाय १८७३ चा एक केंद्रीय कायदा होता, रेल्वेच्या डब्यात जनावर सलग अठ्ठावीस तासांपेक्षा जास्त कोंडून ठेवायचं नाही, उतरवून चारा-पाणी द्यायचं, विश्रांती द्यायची. म्हणजे शिकागोला जाणारा माल असाही वाटेत कुठंतरी उतरवावा लागायचाच. वायोमिंगचा गुरांचा बडा व्यापारी अलेक्झांडर स्वान आणि ओमाहातले विल्यम पॅक्स्टन, जॉन क्रायटन वगैरे मंडळींनी विचार केला की उतरवायचाच आहे तर इथंच विकू, इथंच कापू. १८८३ मधे युनियन स्टॉकयार्ड्स कंपनी निघाली, १८८४ च्या ऑगस्टमधे पहिला माल आला. पॅकिंग कंपन्या आल्या, म्हणजे गुरं कापून मांस विकणाऱ्या, पुढं त्यातल्या चार मोठ्या झाल्या, आर्मर, स्विफ्ट, कुडाही आणि विल्सन. बर्फाचे रेल्वे डबे तोवर निघाले होते त्यामुळं जिवंत जनावर न्यायची गरजच संपत चालली होती, मांसच पूर्वेकडं जायला लागलं. यार्डाभोवती साउथ ओमाहा नावाचं वेगळं गाव उभं राहिलं, इतक्या झपाट्यानं वाढलं की लोक त्याला 'मॅजिक सिटी' म्हणायचे, १९१५ मधे ते ओमाहात विलीन झालं.

१९२६ मधे यार्डाच्या मधोमध लाइव्हस्टॉक एक्स्चेंजची अकरा मजली विटांची इमारत बांधली. कमिशनवाल्यांची ऑफिसं, बँक, तारघर, जेवणाची सोय, वरती बॉलरूमसुद्धा. चेक मिळाला की त्याच इमारतीत वटवता यायचा. आता विचार करा, शेतकऱ्याच्या खिशात अख्ख्या वर्षाची कमाई आहे, दुपारचे बारा वाजलेत, रात्रभर झोप नाही, घर शंभर मैलांवर आहे. बायको बरोबर आली असेल तर ती चोवीसाव्या रस्त्यावर कापड आणि बूट घ्यायला जाणार. आणि मग?

मग जेवण. ओमाहाचं स्टेकहाऊस इथं जन्माला आलं, हे मला त्या दिवशी उमगलं. मी उगाचच समजत होते की ही श्रीमंतांची जागा. ती बाजारची खानावळ होती!

आजोबांचे वडील त्यांना जॉनीज कॅफेमधे घेऊन गेले. फ्रँक कावा नावाच्या पोलंडहून आलेल्या माणसानं १९२२ मधे यार्डाच्या अगदी दाराशी हे सुरू केलं, सुरुवातीला अगदी लहान, यार्डात येणाऱ्या माणसांसाठी. दारूबंदीचा काळ होता तो, त्यामुळं खाणंच धड असावं लागायचं. आजोबा सांगत होते की टेबलावर त्यांच्या शेजारी एक खरेदीदार बसला होता ज्यानं सकाळी त्यांचाच माल घेतला होता, बुटांना शेण तसंच, आणि त्यानं त्यांच्या वडिलांना हात केला. वडिलांनी पोरासाठी प्राइम रिब सांगितली, म्हणजे बरगडीकडचा भाजलेला उंची तुकडा. घरी गुरं असूनही असला तुकडा त्यांनी कधी खाल्ला नव्हता, कारण घरचं जनावर विकायचं असतं, घरी खायचे ते स्वस्तातले भाग, तासन् तास शिजवून. (हे तर आपल्याकडंही तसंच, दूध डेअरीला आणि घरी पोरांच्या चहात बोटभर.) "मला तेव्हा कळलं," आजोबा म्हणाले, "आम्ही वर्षभर काय बनवत होतो ते."

हे वाक्य मी विसरूच शकले नाही.

नंतर मी याच्या मागेच लागले. लायब्ररीतनं पुस्तकं आणली, जुने फोटो बघितले, आणि गावात जी जी जुनी स्टेकहाऊसं उरलीत तिथं जाऊन बसले, मासा नाहीतर सॅलड मागवून. वाढणाऱ्या बायका फार चांगल्या असतात तिथं, बऱ्याचशा वयस्कर, हनी म्हणून हाक मारतात, बीफ नको म्हटलं तर कधी कुणी तोंड वाकडं केलं नाही. आणि तिथं मला एक भलतीच गोष्ट दिसली. स्टेकबरोबर स्पघेटी! बटाटा हवा की पास्ता असं विचारतात आणि अर्धे लोक पास्ता म्हणतात. अमेरिकेत दुसरीकडं मी हे बघितलं नव्हतं.

याचं कारण सिसिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिसिलीतल्या कार्लेंतिनी नावाच्या एकाच गावातनं खूप माणसं ओमाहात आली, नदीकाठच्या टेकडीवर वस्ती झाली, पुष्कळ जण रेल्वेच्या वर्कशॉपला लागले. एक आला, त्यानं भावाला बोलावलं, भावानं मेहुण्याला, मुंबईच्या गिरणगावात एकेका गाळ्यात एकेका गावची माणसं राहायची तसंच. ही माणसं घरी काय खात होती तर पास्ता आणि टोमॅटोचा रस्सा, आणि आजूबाजूला काय मिळत होतं तर जगातलं सगळ्यात चांगलं बीफ. दोन्ही एका ताटात आलं. पिकोलो पीट्स १९३४, गोराट्स १९४४, कॅसिओज १९४६, आणि त्याच १९४६ मधे कॅनिग्लिया कुटुंबाचं, ज्यांनी ओमाहाला पिझ्झा खायला शिकवला आणि ज्यांच्या मुलांनी पुढं आपापली वेगळी स्टेकहाऊसं काढली. म्हणजे कापणारे पोलिश, झेक, लिथुआनियन, आयरिश, आणि नंतर दक्षिणेतनं आलेले कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन, आणि शिजवून वाढणारे बरेचसे सिसिलियन. अमेरिकन स्टेकहाऊस म्हणतात पण त्यात 'अमेरिकन' माणूस शोधायला लागतो.

आणि ताटाची एक ठरलेली रीत असते. आधी गाजर-सेलरी-लोणच्याचा ट्रे, मग सूप, मग सॅलड आणि त्यावर नेब्रास्कातच जन्मलेलं ते नारिंगी रंगाचं गोडसर डोरोथी लिंच ड्रेसिंग, मग स्टेक, बरोबर हॅश ब्राउन्स म्हणजे किसून परतलेला बटाटा, नाहीतर पास्ता. सगळं एकाच किमतीत. मला हे बघून कोल्हापूरकडची मटणाची ताटं आठवतात, तांबडा-पांढरा आला नाही तर ताट पुरं झालं असं कुणी म्हणणार नाही. ड्रोव्हर नावाचं एक आहे, ड्रोव्हर म्हणजे गुरं हाकत नेणारा माणूस, तिथं व्हिस्कीत भिजवलेला स्टेक मिळतो आणि लोक त्यासाठी लांबून येतात.

मांसाबद्दल मी खाणारी नसल्यामुळं चवीवर काही बोलायला नको, पण ते कसं होतं हे मात्र मी आजोबांकडून नीट समजून घेतलंय, कारण ती शेतीच आहे. जनावर आधी गवतावर वाढतं. शेवटचे चार-सहा महिने त्याला मक्याचा खुराक. त्यानं मांसाच्या धाग्यांमधे चरबीच्या पांढऱ्या बारीक रेघा तयार होतात, संगमरवरावर असतात तशा, आणि ती चरबी शिजताना वितळते म्हणून मांस मऊ आणि रसदार लागतं. सरकारी तपासनीस त्या रेघा बघून दर्जा ठरवतो, प्राइम, मग चॉइस, मग सिलेक्ट. ही पद्धत १९२७ पासूनची. आणि कापल्यावर लगेच खायचं नाही, थंड कोरड्या खोलीत तीन-चार आठवडे टांगून ठेवायचं, मांसातलीच एन्झाइम्स धागे सैल करतात, पाणी उडतं, चव घट्ट होते, वरची वाळलेली कड कापून टाकायची. जुन्या काळात हॉटेलवाला स्वतः जाऊन अख्खी कमर निवडून आणायचा, स्वतःच्या थंड खोलीत मुरवायचा, आणि हॉटेलातच कसाई रोज सकाळी तुकडे पाडायचा. पॅकिंगवाले दोन रस्ते सोडून असल्यावर हे सगळं सोपं होतं. बाजाराशेजारी असण्याचा अर्थ नुसता ताजेपणा नाही, निवड. ज्याला भाजी मंडईत जाऊन स्वतः हातानं दाबून घ्यायची सवय आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

पण या ताटाच्या मागं जे हात होते त्यांच्याबद्दल स्टेकहाऊसच्या भिंतींवर फार काही लावलेलं नसतं, आणि मला ते खटकतं. मेनूच्या मागच्या पानावर मालकाच्या आजोबांची गोष्ट असते, शिंगांचे फोटो असतात, पॅकिंगहाऊसमधल्या माणसाचा फोटो मी तरी बघितला नाही. तिथलं काम म्हणजे ओली निसरडी फरशी, एकीकडं वाफ आणि दुसरीकडं हाडं गोठवणारी थंडी, दिवसभर तोच एक वार, तोच सुरा. प्रत्येक माणसानं जनावराचा एकच भाग हाताळायचा आणि ते साखळीवर पुढं सरकायचं. वंशावरनं कामं वाटलेली असायची. कृष्णवर्णीय पुरुषांना सगळ्यात घाणेरडी कामं आणि कृष्णवर्णीय बायकांना तर घेतच नसत, १९४० च्या दशकात रोवेना मूर नावाच्या बाईनं त्यांना कामावर घ्यायला लावायची लढाई लढली तेव्हा कुठं दार उघडलं. पॅकिंगहाऊस कामगारांची युनियन ही त्या काळात काळे-गोरे एकत्र बसणारी संघटना होती आणि १९४८ मधे तिनं देशभर दोन महिन्यांवर संप केला. तो संप कामगारांना जड गेला. पण त्यानंतरच्या वर्षांमधे पगार वाढले, आणि साउथ ओमाहातल्या पॅकिंगहाऊसच्या कामगारानं स्वतःचं छोटं लाकडी घर घेतलं आणि वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला, पोराच्या ग्रॅज्युएशनला बायकोमुलांना घेऊन तो त्याच स्टेकहाऊसमधे जाऊन बसला. शेतकरी, व्यापारी, कामगार, तिघं एकाच खोलीत. असं फार कमी ठिकाणी होतं. ज्यानं कापलं त्यालाच पानात घेऊन खायला परवडत होतं, आणि ते युनियनमुळं परवडत होतं, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मग ते मोडलं. मोडलं कशानं तर खोक्यानं. १९६० मधे आयोवातल्या डेनिसन गावात आयोवा बीफ पॅकर्स नावाची कंपनी निघाली, तिनं ठरवलं की जनावर शहरात आणायचंच कशाला, जिथं गुरं आहेत तिथंच, शेतांच्या मधे, एकमजली कारखाना बांधू. ट्रक आणि हायवे होतेच. थेट फीडलॉटवाल्याकडून, म्हणजे गुरांना मक्यावर भरणाऱ्याकडून, खरेदी, म्हणजे अडत्या गेला, यार्ड गेलं. १९६७ मधे नेब्रास्कातल्याच डकोटा सिटीच्या त्यांच्या कारखान्यातनं अख्खं धड पाठवायच्या ऐवजी तुकडे पाडून, प्लॅस्टिकमधे हवा काढून सीलबंद करून, खोक्यात भरून पाठवायला सुरुवात झाली. गावोगावच्या कसायांचं कामही गेलं आणि युनियनचा जोरही. ओमाहातल्या चारही मोठ्या पॅकिंग कंपन्यांचे जुने बहुमजली कारखाने १९६७ ते १९७६ च्या दरम्यान एकेक करून बंद पडले. हजारो माणसं घरी बसली. गिरणी संपानंतरची लालबाग-परळची घरं ज्यांनी आतनं बघितलीत त्यांना वेगळं काही सांगायची गरज नाही. यार्ड त्यानंतरही रखडत रखडत चाललं, १९९९ मधे तेही बंद झालं. शिकागोचं १८६५ च्या नाताळात उघडलेलं यार्ड त्याच्याही आधी, १९७१ लाच गेलं होतं.

धंदा मात्र गेला नाही हं. नेब्रास्कात आजही माणसं वीस लाखांच्या आसपास आणि गुरं साठ लाखांच्या वर. ओमाहातही कत्तलखाने चालू आहेत, फक्त आता ते लांबनं साध्या गोदामासारखे दिसतात. आत बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतनं आलेली माणसं, सुदानी, म्यानमारहून आलेले निर्वासितही. २०२० मधे कोरोना आला तेव्हा नेब्रास्कातल्या मांस कारखान्यांमधे तो वणव्यासारखा पसरला, आणि एप्रिलच्या शेवटी देशाच्या अध्यक्षांनी आदेश काढला की हे कारखाने चालूच राहिले पाहिजेत. आम्ही सगळे आयटीवाले घरी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. त्या माणसांना घरी बसायची मुभा नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी तोच कामगार शेजारच्या टेबलावर दिसला असता, आज तो गावात असून दिसत नाही. चोवीसाव्या रस्त्यावर आता ताकेरिया म्हणजे टाकोची छोटी हॉटेलं आहेत, मेक्सिकन बेकऱ्या आहेत, शनिवारी रात्री तिथं जी गर्दी आणि जो आवाज असतो तो बघून मला वाटतं बाजारची खानावळ खरं तर तिकडं सरकलीय.

बाहेरच्या जगाला ओमाहाचं बीफ माहितीये ते दोन कारणांनी, ती पटकन सांगून टाकते. एक ओमाहा स्टेक्स. लाटव्हियाहून १८९८ मधे आलेल्या सायमन बाप-लेकांनी १९१७ मधे इथं मांसाचं दुकान टाकलं, जागेवर आधीच्या 'टेबल सप्लाय कंपनी'ची पाटी होती, त्यांनी तिच्यात फक्त 'मीट' हा शब्द घुसवला आणि तेच नाव केलं. १९५२ पासून पोस्टानं, बर्फात घालून घरपोच. आणि दुसरं कारण अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे, जे गोराट्समधे जाऊन टी-बोन आणि डबल हॅश ब्राउन्स खातात. दर मे महिन्यात त्यांच्या कंपनीच्या मीटिंगला जगभरनं शेअरहोल्डर येतात तेव्हा गोराट्समधे टेबल मिळणं मुश्कील. पुण्यातनं माझ्या नवऱ्याचा एक मित्र आला होता, पूर्ण शाकाहारी, तोही तिथं जाऊन हॅश ब्राउन्सचा फोटो काढून आला.

जुन्या जागा एकेक करून जातायत. कॅनिग्लियांचं २००५ मधे बंद झालं, पिकोलो पीट्स २०१५ मधे. पुढची पिढी डॉक्टर-वकील झाली, किंवा नुसतीच दमली. एका हॉटेलच्या बंद व्हायच्या शेवटच्या आठवड्यात आजोबा तीन तास रांगेत उभे होते.

आता ते जे मी इतका वेळ टाळतेय. आबा बैल हेड्याला द्यायचे नाहीत. शेतकऱ्यालाच द्यायचे, घर बघून, दावण बघून. पण बैल म्हातारा झाला की शेतकरी घेत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आमचा सर्जा चारा छावणीत होता, पाऊस झाल्यावर परत आला पण नांगराला उभा राहीना. आबांनी त्याला बाजारात नेलं आणि तो विकला गेला. कुणाला, ते आबांनी सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. दावं मात्र ते परत घेऊन आले, ते नेहमीच आणायचे, आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. सर्जा कुठं गेला असेल हे घरातल्या सगळ्यांना माहिती होतं, मला, कॉलेजला जाणाऱ्या पोरीलाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, आता माझा चुलतभाऊ म्हणतो म्हातारा बैल बाजारात नेला तर कुणी दोरीला हात लावत नाही, आणि दारात ठेवायचा तर वैरण कुठनं आणायची. यावर माझ्याकडं सोपं उत्तर नाही. मला सर्जा कापलेला चालणार नाही आणि मला तो उपाशी राहिलेलाही चालणार नाही, हे दोन्ही मी एकाच दमात म्हणते आणि दोन्ही खरं आहे.

आजोबांना मी हे सांगितलं. त्यांच्या ताटात स्टेक असताना सांगितलं. आम्ही जॉनीजमधेच बसलो होतो, तेच मला घेऊन गेले होते, १९५५ च्या त्या दिवसाबद्दल बोलून झाल्यावर पुढच्या महिन्यात. त्यांनी प्राइम रिब मागवली होती, मी मासा. त्यांनी काटा-सुरी खाली ठेवली आणि ऐकत राहिले. मग म्हणाले की त्यांच्या वडिलांनी बावीस जनावरांना कधी नावं दिली नव्हती, मुद्दाम, पोरांनाही देऊ दिली नव्हती. पण त्यांनी स्वतः एकाला गुपचूप दिलं होतं. त्या दुपारी प्राइम रिब खाताना तो कुठं असेल हा विचार त्यांच्या मनात आला होता. "आणि तरी मी संपवली," ते म्हणाले. "भूक लागली होती. आणि वडील बघत होते." काय नाव दिलं होतं ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

बाहेर पडलो तेव्हा अंधार पडला होता. मला म्हणाले, चल, दोन मिनिटं. एक्स्चेंजची इमारत अजून उभी आहे, आता आत भाड्याची घरं आहेत आणि दवाखाना आहे. खिडक्यांमधे दिवे होते, एका घरातनं कांदा परतल्याचा वास येत होता, कुठल्या तरी मजल्यावर लहान मूल रडत होतं. कोंडवाड्यांच्या जागी दुकानं, कॉलेज, आणि सगळीकडं पार्किंगचं डांबर. आजोबांनी इमारतीकडं पाठ केली, थोडे डावीकडं सरकले, परत वळून खिडक्या मोजल्या, मग हळूहळू पावलं टाकत चालायला लागले, मोजत, ओठ हलत होते. मी मागं मागं. एका पांढऱ्या पट्ट्यापाशी ते थांबले, दोन गाड्यांच्या मधे, आणि बुटाची टाच डांबरावर आपटली.

"काटा इथं होता," ते म्हणाले.